बायकांचा वॉर्ड पाडला तेव्हा

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटायचं की बाबांना बहीण नाही. कुणी विचारलंच तर आई "नाही, हे एकटेच" म्हणायची आणि विषय बदलायची. मला मात्र खरं माहीत होतं. वर्षातून दोनदा, एकदा शिमग्याच्या आसपास आणि एकदा दिवाळीनंतर, बाबा कामावरून रजा घ्यायचे, चिवड्याची पिशवी घेऊन सकाळीच निघायचे आणि संध्याकाळी परत येऊन कुणाशी न बोलता झोपायचे. आई म्हणायची, "आत्याला भेटून आलेत, त्यांना काही विचारू नकोस."

आत्या वेड्यांच्या इस्पितळात होती. माझ्या जन्माच्या आधीपासून.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो, एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर होते. बोटांच्या रेघांत बसलेली काळी भुकटी रॉकेलनं धुतली तरी जायची नाही. मी कॉलेज संपवून स्टेशनजवळच्या टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले होते. तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि भाईंदरमध्ये जिथं बघावं तिथं इमारती उठत होत्या. पाणी मात्र कुठंच पोचत नव्हतं.

अशाच एका रविवारी इस्पितळातली समाजसेविका आमच्या दारात आली. सुती साडी, खांद्याला झोळी, वयानं माझ्याहून थोडीच मोठी. दार लावून घेऊ का म्हणून तिनंच विचारलं, शेजारी ऐकतील म्हणून. मग खाली सतरंजीवर बसून हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या बहिणीला आता रात्रीची एकच गोळी चालू आहे. शिवणाच्या खोलीत काम करतात, दुसऱ्या पेशंटना भरवतात. त्यांना तिथं ठेवावं असं आता काही राहिलेलं नाही."

बाबांनी विचारलं, "कधीपासून?"

ती म्हणाली, "मी तिथं लागले त्याच्या आधीपासून."

बाबांनी खोलीभर हात फिरवला. "ही जागा बघताय ना तुम्ही. मुलगी लग्नाची आहे."

बोलली ती आई. चहाचं आधण ठेवत, पाठमोरीच म्हणाली, "आणूया त्यांना."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"तुमची बहीण आहे म्हणून सांगायचं. दुसरं काय सांगणार?"

आत्याचं काय झालं होतं ते मला आईनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट सांगितलं. रायगडातल्या आमच्या गावापासून जवळच तिला दिली होती. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. दुसरं काही महिने जगलं आणि तापानं गेलं. ते पुरून आल्यावरही आत्या फडक्याचं गाठोडं मांडीवर घेऊन हलवत बसायची. पुढं बोलणं बंद झालं, उठून कुठंही जायला लागली. सासरच्यांनी भगत आणला, धूर दिला, शेवटी गोठ्यात बांधून ठेवलं. बाबा तेव्हा नुकतेच मुंबईत कामाला लागले होते. ते गेले, दोरी सोडली आणि तिला घेऊन थेट इस्पितळात आले. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत बरी होईल. ती बरी होईपर्यंत नवऱ्यानं दुसरी केली होती आणि बाबा चार जणांच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मग आईशी लग्न झालं, मग मी झाले. "रोज वाटायचं पुढच्या वर्षी आणू," आई म्हणाली. "मग वाटायचंही बंद झालं."

तिला आणायला आम्ही तिघंही गेलो. एसटी बदलून जावं लागायचं. इस्पितळ मी पहिल्यांदाच पाहत होते. मोठं फाटक, आत इस्पितळाच्या मोठ्या साहेबाचा बंगला, पुढं चिंचेची झाडं आणि त्यांच्यामागं बायकांचा वॉर्ड. काळ्या दगडाची बैठी लांबलचक इमारत, वर कौलं, खिडक्या एवढ्या उंच की आतून फक्त आभाळ दिसावं. व्हरांड्याला माथ्यापर्यंत जाळी मारलेली. जाळीला बोटं अडकवून बायका उभ्या होत्या. सगळ्यांना एकसारख्या हिरव्या साड्या, सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले. त्यांतली माझी आत्या कोणती ते मला ओळखता येईना.

ती आत होती. एका म्हातारीला मांडीशी टेकवून भात भरवत होती. म्हातारी बोलत नव्हती, डोळेही धड उघडत नव्हती. आत्यानं बाबांकडे पाहिलं आणि घास मळता मळता म्हणाली, "दादा, जरा थांब. हिचं होऊ दे."

नर्स म्हणाली, "आम्ही भरवू तिला. तू जा आता. घरची माणसं आली आहेत."

"तुम्ही घाईनं भरवता. तिच्या नाकात जातं."

त्या म्हातारीचं खाणं होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. तिला कुठून आणलं, तिचं कोण होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. नावही इस्पितळानंच ठेवलेलं. आत्यानं तिचं तोंड पदरानं पुसलं, तिला भिंतीकडं वळवून निजवलं आणि आमच्याबरोबर निघाली. फाटकाबाहेर रस्ता ओलांडताना तिनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

घरात ती पाहुण्यासारखीही नव्हती आणि घरच्यासारखीही नव्हती. गॅलरीत जायच्या आधी विचारायची, "बाहेर जाऊ?" वाढल्याशिवाय ताटाजवळ बसायची नाही. संडासाला कडी लावायची नाही. आई एकदा बोलली तर म्हणाली, "तिकडं कडी नव्हती वैनी. आत काय करून घेतील म्हणून." अंथरूण झटकताना उशीखाली वाळलेले चपातीचे तुकडे सापडायचे. आणि बाबा कामावरून आले की ती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहायची, साहेब राऊंडला आल्यासारखी.

"बस गं," बाबा म्हणायचे. ती लगेच बसायची. ते आज्ञा दिल्यासारखं बसणं बाबांना बघवायचं नाही. चहा पिऊन ते खाली पानवाल्यापाशी जाऊन उभे राहायचे, ते जेवणाच्या वेळेलाच वर यायचे.

समोरच्या गुजराती बाईंनी पहिल्याच आठवड्यात आईला विचारलं, "कौन है ये?"

"इनकी बहन है. बहुत साल अस्पताल में थी."

"कौनसा अस्पताल?"

आईनं सांगून टाकलं. त्या दिवसापासून समोरचं दार बंद राहू लागलं, मुलं आमच्याकडं यायची थांबली. पण पाणी एक दिवसाआड, तेही जेमतेम अर्धा तास यायचं. त्या बाई नोकरी करायच्या. आत्यानं आमचं पिंप भरल्यावर न सांगता त्यांच्या दाराबाहेरचे हंडे भरून ठेवायला सुरुवात केली. पावसाळा सुरू व्हायच्या आत त्यांच्या घराची किल्ली आत्याच्या कमरेला होती.

महिन्यातल्या एका रविवारी मी तिला इस्पितळात न्यायची. त्या म्हातारीसाठी. आत्या सकाळी उठून मऊ भात आणि फिकं वरण करायची, स्टीलच्या डब्यात भरायची. नर्सना सवय झाली होती. आत्या भरवायची, तिची नखं कापायची, आणि मी व्हरांड्यात बसून राहायची. जाळीमागच्या बायका माझ्याकडं बघत. एकजण दर वेळी विचारायची, "माझा भाऊ भेटला का गं तुला?" पहिल्यांदा मी नाही म्हटलं. मग भेटेल म्हणायला लागले.

नव्वद साल उलटून गेल्यावर एकदा आम्ही गेलो तर वॉर्डाच्या बाहेर चार-पाच माणसं फीत लावून भिंती मोजत होती. नवा वॉर्ड बांधायचा होता, म्हणून हा पाडणार होते. आणि जुन्या इमारती वाचवणारे शहरातले काही लोक तो वाचवता येईल का बघायला आले होते. त्यांतले एक आर्किटेक्ट, पांढऱ्या केसांचे, माझ्याशी आपणहून बोलले. त्यांनी मला कमानी दाखवल्या, वर सागवानी तुळया दाखवल्या, दगड दगडाशी चुन्यात कसा बसवलाय ते हात लावून दाखवलं. "असं काम आता होत नाही," ते म्हणाले. मी मान वर करून पाहिलं. खरोखरच सुंदर छप्पर होतं. इतक्या वेळा येऊन मी ते पाहिलंच नव्हतं.

मी त्यांना सांगितलं की माझी आत्या या वॉर्डात राहिलेली आहे. त्यांनी आत्याला नमस्कार केला. अगदी मनापासून विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं? ही इमारत राहावी का?"

उत्तर देऊ की नको, म्हणून आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"पाडा," ती म्हणाली. "समदी पाडा. ती कोपऱ्यातली बिनखिडकीची खोली हाय ना, ती आधी पाडा."

त्यांनी विचारलं, "मग इथं काय झालं ते पुढच्या लोकांना कळणार कसं?"

"आम्ही हितं होतो तवा कुणाला कळायचं होतं?"

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, आणि फीत गुंडाळत तिथंच उभे राहिले.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माणूस चांगला होता. मी वाईट बोलले का?" मी नाही म्हटलं. मग तिनं मला त्या खोलीचं सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तोवर सांगितलं नव्हतं, एवढंच. एक तरुण बाई होती, अंगावर धावून यायची, चावायची. वैशाखात तिला त्या खोलीत घातलं. दुपारभर ती दार वाजवत होती, संध्याकाळी वाजवायची थांबली. शांत झाली असं सगळ्यांना वाटलं. सकाळी दार उघडलं तर ती दाराशीच मरून पडली होती. तिला आंघोळ घालायला आत्याला बोलावलं, कारण आत्या काम चांगलं करायची.

"मग?" मी विचारलं.

"मग मागच्या पडवीत ठेवली. मेलेल्यांना तिथंच ठेवायचे. घरचं कुणी आलं तर न्यायचे. नाय आलं तर गाडी यायची."

"गाडी कुठं जायची?"

"ठाऊक नाय. आम्ही जाळीतून बघायचो फाटकापर्यंत."

पुढं दोनएक महिन्यांनी आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा म्हातारीची खाट रिकामी होती. गादीही उचललेली, नुसत्या लोखंडी पट्ट्या. नर्स म्हणाली, मागच्याच आठवड्यात गेली.

"आम्हाला कळवायचं तरी," मी म्हटलं.

"कसं कळवणार? तुम्ही तिच्या कोण?" ती रागानं नव्हती म्हणाली. खरंच विचारत होती.

आत्या डबा हातात धरून उभी होती. मग पलीकडच्या खाटेवर एक बाई पाय पोटाशी घेऊन बसली होती, तिच्यापाशी गेली, डबा उघडला आणि तिला भरवायला लागली.

त्यानंतर आम्ही जायचं थांबवलं. वॉर्ड पाडल्याचं समाजसेविकेनं बाजारात भेटल्यावर सांगितलं. ती मीरा रोडला राहायला आली होती. आत्यानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मला बघायचंय." आई नको म्हणत होती. पण आत्यानं आमच्याकडं येऊन काही मागितलं असं ते पहिलंच होतं.

फाटक तसंच होतं. साहेबाच्या बंगल्याला नवा चुना लावला होता, तुटलेली नक्षी परत बसवली होती. त्याच्यामागं चिंचा उभ्या होत्या आणि त्यांच्यामागं दगडांचे ढीग. बायकांचा वॉर्ड नव्हता. ते आर्किटेक्ट बंगल्याच्या पायऱ्यांवर उभे राहून गवंड्याला काही सांगत होते. त्यांनी आम्हाला ओळखलं.

"एवढंच वाचवता आलं," ते म्हणाले. "बंगला आणि फाटक. आत एक खोली देणार आहेत, जुन्या वस्तू ठेवायला. जुने फोटोही मिळालेत."

"बायांचा फोटो हाय?" आत्यानं विचारलं.

"डॉक्टरांचे आहेत, नर्सेसचे आहेत." ते अडखळले. "पेशंट बायकांचा एकही नाही मिळाला. मी शोधला."

आत्या ढिगाऱ्यात शिरली. मी मागं गेले. ती पावलं टाकून जागा धरायला बघत होती. इथं नळ, इथं शिवणाची खोली, इथं माझी खाट. थोडं चालायची, थांबायची, पुन्हा मागं यायची. शेवटी एका दगडावर बसली.

"पडवी सापडत नाय गं."

"आत्या, तूच म्हणाली होतीस ना पाडा म्हणून?"

"व्हय. म्हटलं होतं." ती हातांनी दगडावरची माती पुसत होती. "पण आता मेलेल्यांना कुठं ठेवायचे ते कसं सांगू मी कुणाला?" आणि ती रडायला लागली. तिला रडताना मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिचं बिघडलं. पाणी भरेना, जेवेना. भिंतीकडं तोंड करून दिवसभर पुटपुटत बसायची. समोरच्या बाई हळूच किल्ली परत घेऊन गेल्या. डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या. बाबा म्हणाले, "परत न्यावं लागणार." आई म्हणाली, "कुठं? ते तर पाडलं." तो विनोद नव्हता.

मग आईनं एक केलं. भाजी निवडायला ती आत्याच्या शेजारी जाऊन बसायला लागली आणि ऐकायला लागली. दोन-तीन दिवसांनी मला म्हणाली, "वन्सं वेडंवाकडं नाही बोलत. बायका मोजताहेत." मीही बसले. आत्या म्हणत होती, लंगडी. पेणवाली. गाणं म्हणणारी. चहाला रडायची ती. डोकं आपटायची ती. चावरी. आजी.

"यांची नावं काय होती, आत्या?"

"नावं ऑफिसात असतील. आम्ही अशाच हाका मारायचो."

भाद्रपद होता, पितृपक्ष चालू होता. आईच्या हातात गवारीची शेंग होती. ती तशीच हातात ठेवून आईनं विचारलं, "वन्सं, या बायांना कधी कुणी पान ठेवलं असेल का?"

"कोण ठेवणार?"

"मग आपण ठेवू."

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी आत्या आणि मी केळीची पानं आणायला जवळच्या राई गावात गेलो. वाडीतल्या आगरी बाईनं आम्ही किती पानं मागतोय ते ऐकून विचारलं, "एवरी पाना कशाला? लगीन हाय का घरान?"

"नाय," आत्या म्हणाली. "मैत्रिणींना जेवाया घालायचंय."

बाईनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि कोवळी पानं वेगळी काढून दिली.

आईनं भात, वडे, खीर, गवार, भोपळा, सगळं केलं. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडं होती. ते द्यायला तयार नव्हते. "कौए आएंगे, गंदगी होगी. एक पत्ता रखो, इतने क्यों?" आई काही बोलायच्या आत समोरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मैं धो दूँगी गच्ची. चाबी दो." किल्ली मिळाली.

पानं वर कोण नेणार, हे ठरलं नव्हतं. बाबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. ते उठले, सगळी पानं उचलली आणि जिना चढायला लागले. गच्चीवर त्यांनी ती ओळीनं मांडली. आई वाढत होती. बाबा एकेका पानापाशी उकिडवे बसून पाण्याचं भांडं ठेवायचे आणि वर बघून विचारायचे, "ही कुणाची?"

"लंगडीची," आत्या सांगायची. "तिला वडा जास्त ठेव."

"ही?"

"ही चावरीची. पाणी जास्त दे, दादा."

बाबांनी दुसरं भांडंही ठेवलं. अर्ध्या ओळीनंतर आत्या अडली. कपाळाला हात लावून उभी राहिली. "अजून होत्या. खूप होत्या. चेहरे दिसतात, पण काय म्हणायचो ते आठवत नाय."

"राहू दे," बाबा म्हणाले. "न आठवणाऱ्यांची म्हणून ठेवतो." आणि उरलेली सगळी पानं त्यांनी मांडून टाकली.

कावळे आले. आत्या कठड्यापाशी बसून बघत राहिली. खाली आल्यावर तिनं ताटभर जेवण केलं. बाबा त्या संध्याकाळी खाली पानवाल्याकडं गेले नाहीत. दोघं बहीण-भाऊ गॅलरीत बसले होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बोलले की नाही, तेही नक्की सांगता येणार नाही.

ती पूर्ण बरी झाली असं नाही. हात कापायला लागला तो कायमचा. पण दरवर्षी आम्ही पानं ठेवली. दरवर्षी तिला आठवणाऱ्या बायका कमी होत गेल्या आणि न आठवणाऱ्यांची ओळ वाढत गेली. गोळ्यांमुळं असेल, वयामुळं असेल. एके वर्षी तिला फक्त आजी आठवली, जिला ती मऊ भात भरवायची ती. बाबा छातीच्या दुखण्यानं गेले, गाळ्यातली भुकटी फुप्फुसांत बसली होती. त्यांच्यामागून दोन वर्षांनी, हिवाळ्यात, आत्या न्यूमोनियानं गेली. आमच्याच घरी, आईच्या मांडीवर.

नव्वदचं दशक संपायला आलं तेव्हा मी एकटीच त्या इस्पितळात गेले. बंगल्यातली खोली उघडी होती. काचेच्या कपाटात किल्ल्यांचा जुडगा, पितळी घंटा, छाती तपासायची जुनी नळी, पेशंटना बांधायचे कातडी पट्टे. भिंतीवर साहेबांचे फोटो, एकेकाच्या खाली नाव. जिथं वॉर्ड होता तिथं गाड्या लावायला जागा केली होती.

स्टुलावर एक शिपाई बसला होता. मी बराच वेळ थांबले म्हणून त्यानं विचारलं, "कुणाला शोधताय?"

"माझी आत्या इथं होती."

तो अदबीनं उठला. "कुठल्या साहेबांच्या घरातल्या?"

"पेशंट होती."

"अच्छा," तो म्हणाला आणि परत बसला. "पेशंटचं इथं काही नसतं, ताई."